चापाचे वजन



पिस्तुलाच्या सर्व भागांत बोटाशी थेट नाते असलेला भाग एकच, आणि तो म्हणजे चाप. लहान पिस्तुलाचा चाप जेमतेम अर्धा इंच मागे येतो. परंतु त्या अर्ध्या इंचानंतर जे घडते ते कोणत्याही उपायाने परत घेता येत नाही. म्हणूनच हा चाप किती जड असावा आणि तो बदलून हलका करून घ्यावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा वाटला तरी वस्तुतः तो माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेत विचारला जातो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र-कायद्याप्रमाणे परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही, आणि परवाना मिळणेही सोपे नाही. अमेरिकेत परिस्थिती निराळी आहे. 1987 साली फ्लॉरिडा राज्याने अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक अर्जदारास कपड्यांखाली शस्त्र बाळगण्याचा परवाना देण्याचा कायदा केला, आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. 2013 साली इलिनॉय या राज्याने आपली बंदी उठवली. 2022 च्या जून महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क असल्याचा निर्णय दिला. 2024 पर्यंत पन्नासांपैकी एकोणतीस राज्यांत अशा परवान्याची गरजही उरली नव्हती. साहजिकच खिशात अगर कमरेला दडवता येतील अशा पिस्तुलांचा खप वाढला. 2012 साली स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘शील्ड’, 2015 साली ऑस्ट्रियन ग्लॉक कंपनीचे ‘43’ आणि 2018 साली ‘सिग पी 365’ ही त्या जातीची पिस्तुले बाजारात आली. पिस्तुलांच्या पाठोपाठ त्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांचाही धंदा भरभराटीस आला, आणि त्या सुट्या भागांत चापाचा मान पहिला.

प्रथम चापाचे काम समजून घेतले पाहिजे. या पिस्तुलांत बाहेर दिसणारा घोडा नसतो. आत एक स्प्रिंग लावलेली आघात करणारी कांडी असते. चाप ओढू लागले की आरंभी तो थोडा सैल मागे येतो. मग बोटाला एक भिंत लागल्यासारखी जाणवते. त्या भिंतीवर दाब वाढवला की अडकण सुटते, कांडी पुढे धावते आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळते. गोळी सुटल्यावर बोट सैल करताच चाप पुढे येऊन पुन्हा अडकतो. हे सारे घडण्यास जो दाब लागतो त्याला चापाचे वजन म्हणतात. ग्लॉक पिस्तुलाचा मूळ चाप सुमारे अडीच किलोचा समजला जातो. इतर लहान पिस्तुलांचा कमीअधिक त्याच्या आसपास असतो.

हे वजन खटकते ते पिस्तूल लहान म्हणून. 1911 सालच्या नमुन्याचे जुने पोलादी पिस्तूल सुमारे अकराशे ग्रॅम भरते, आणि त्याचा चाप साधारणपणे त्याच्या दुप्पट वजनाचा असतो. ही नवी पिस्तुले मात्र रिकामी असता अर्ध्या किलोच्या आसपास भरतात आणि त्यांचा चाप त्यांच्या पाचपट जड असतो. हातातील वस्तू हलकी आणि ती ओढणारे बल मोठे, मग वस्तू जागची हलणारच. त्यात मूठ आखूड, करंगळीला टेकायलाही कित्येकदा जागा नसते. नेम धरावयाचा तो नळीच्या टोकावरील माशी आणि मागची खाच यांच्या साहाय्याने, आणि त्या दोहोंतील अंतर अवघे तेरा सेंटिमीटर. आता हिशेब करून पाहावा. चाप ओढताना माशी एक मिलिमीटर बाजूला गेली, तर सात मीटरांवर गोळी सुमारे 54 मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून अधिक चुकते. ती तीन मिलिमीटर सरकली तर गोळी सहा इंचांच्याही पलीकडे जाते. रस्त्यावर त्या सहा इंचांच्या पलीकडे एखादे मूल उभे असू शकते.

तेव्हा हलका चाप मागणाऱ्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चुकलेली गोळीही कोठेतरी लागतेच, आणि नेम सुधारणे हे निरपराध माणसांच्या हिताचेच आहे.

या मागणीस बाजाराने तीन प्रकारची उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर चापाचा केवळ आकार बदलण्याचे. वक्र चापाऐवजी सपाट चाप बसवला की बोट प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी टेकते. वजन फारसे कमी होत नाही, पण ओढ सरळ मागे येते. दुसरे उत्तर आतील पट्ट्या व स्पर्श होणारे पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचे. यामुळे चाप अडखळत नाही. तिसरे उत्तर स्प्रिंगा आणि अडकणीच बदलण्याचे, आणि वजनात खरी घट होते ती येथे. पहिल्या दोन प्रकारांत मुख्यतः सोय आहे. तिसऱ्यात सोयीबरोबर जोखीमही विकत घेतली जाते, आणि विचार करावयाचा तो विशेषेकरून तिच्याविषयी.

या जोखमीची एक बाजू यंत्राची आहे. आघात करणाऱ्या कांडीची स्प्रिंग हलकी केली तर चाप हलका होतो खरा, पण आघातही दुबळा होतो. काही काडतुसांची टोपी कठीण असते. दुबळ्या आघाताने ती पेटत नाही. ज्या क्षणासाठी मनुष्य वर्षानुवर्षे शस्त्र जवळ बाळगतो त्याच क्षणी ते मुके राहिले, तर हलक्या चापाचा उपयोग काय? शिवाय निरनिराळ्या कारखान्यांचे भाग एकत्र बसवले म्हणजे अडकणीची पकड किती खोल राहिली, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. पिस्तूल हातातून पडले असता ते न उडावे म्हणून मूळ कारखान्याने जी योजना केलेली असते, ती सर्व भागांचा एकमेकांशी मेळ आहे हे गृहीत धरूनच केलेली असते.

येथे चापाला लागणारा दाब आणि चापाचे स्वतःचे वजन या दोन गोष्टींत गल्लत होऊ देता कामा नये. 2017 साली सिग कंपनीच्या ‘पी 320’ या पिस्तुलाचे उदाहरण गाजले. ते विशिष्ट कोनातून पाठीवर पडले असता आपोआप उडू शकते असे आढळून आले. कारण असे की, पिस्तूल जमिनीवर आदळून थांबले तरी चापाचा तुकडा आपल्या जडत्वाने मागे सरकतच राही आणि अडकण सुटे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीने जुनी पिस्तुले सुधारून देण्याची योजना जाहीर केली, आणि त्या सुधारणेत चापाचा तुकडा अधिक हलका करण्यात आला. म्हणजे हलक्या तुकड्याने तेथे सुरक्षितता वाढली. मात्र ही सुधारणा कारखान्याने सबंध यंत्राचा विचार करून केली होती. घरच्या मेजावर एकच भाग बदलणाऱ्यास तो विचार करण्याची साधने नसतात.

जोखमीची दुसरी बाजू माणसाच्या शरीराची आहे. स्नायूंच्या हालचालींचे अभ्यासक रॉजर एनोका यांनी अनवधानाने सुटणाऱ्या गोळ्यांची कारणमीमांसा केली. एका हाताने जोराने काही धरले की दुसऱ्या हाताची बोटेही आवळतात. तोल गेला की हात आपोआप मिटतो. दचकले की मूठ घट्ट होते. या तिन्ही गोष्टी इच्छेवाचून घडतात, आणि हातघाईच्या प्रसंगी त्या तिन्ही एकदम घडू शकतात. बोट चापावर असेल तर पुढचे सांगावयास नको. पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये परत ठेवतानाही असाच धोका असतो. सदऱ्याचे टोक किंवा जाकिटाची दोरी चापात अडकली की बोटाचे काम कापड करते, आणि चाप जितका हलका तितके कापडाला ते सोपे.

मग चाप पुष्कळ जड केला म्हणजे निश्चिंत झाले काय? या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाच्या अनुभवात सापडते. 1993 साली त्या दलाने रिव्हॉल्वर सोडून पिस्तुले स्वीकारण्याचे ठरवले, तेव्हा अपघात टळावेत म्हणून चाप मुद्दाम जड करून घेतला. त्याला सुमारे बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या जवळपास दाब लागे. 24 ऑगस्ट 2012 रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या. खुनी मेला, परंतु पोलिसांच्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरूही जखमी झाले. जड चापामुळे नेम बिघडतो ही तक्रार त्यापूर्वीच होत होती. 2008 साली रँड या संशोधनसंस्थेने आपल्या अहवालात हलक्या चापाचा विचार करावा असे सुचवलेही होते.

पुढे 20 नोव्हेंबर 2014 रोजी ब्रुकलिनमधील एका वसाहतीत, दिवे नसलेल्या जिन्याचे दार उघडताना एका नवशिक्या पोलिसाच्या हातातील पिस्तूल उडाले. गोळी भिंतीवर आदळून खालच्या मजल्यावरील 28 वर्षांच्या निःशस्त्र तरुणास लागली आणि तो मरण पावला. त्या पिस्तुलाचा चापही जडच होता. 2016 साली खटल्याचा निकाल देण्यापूर्वी पंचांनी तो चाप स्वतः ओढून पाहिला आणि पोलिसास दोषी ठरवले. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे लक्षात येते की, जड चाप नेम बिघडवू शकतो आणि तरीही प्रत्येक अपघात टाळू शकत नाही. सुरक्षितता केवळ स्प्रिंगेवर सोपवता येत नाही.

न्यायालयाचा उल्लेख आलाच आहे, तेव्हा आणखी एक गोष्ट. स्वसंरक्षणार्थ गोळी झाडणाऱ्यास तिचा जाब न्यायासनापुढे द्यावा लागतो. त्याने कारखान्याच्या मर्यादेखाली चाप उतरवला असेल, तर ‘गोळी झाडली नाही, सुटली’ असे प्रतिपादन करण्यास विरुद्ध बाजूच्या वकिलास जागा मिळते. आणि सुटलेल्या गोळीला स्वसंरक्षणाचा बचाव लागू पडणे कठीण जाते. शस्त्रविषयक लेखक आणि न्यायालयातील तज्ज्ञ साक्षीदार मसाद अयूब हे बाळगण्याच्या पिस्तुलाचा चाप कारखान्याने सांगितलेल्या वजनाखाली नेऊ नये असा सल्ला अनेक वर्षे देत आले आहेत, तो याच कारणास्तव.

हलक्या चापाची खरी जागा क्रीडांगणात आहे. पण तेथेही त्याला तळ आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि त्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्या प्रकारात चाप किमान एक किलोचा असावा असा नियम आहे, आणि पंच चापाला वजन अडकवून पिस्तूल उचलून तो तपासतात. वजन उचलण्यापूर्वीच चाप सुटला तर ते पिस्तूल चालत नाही. जेथे समोर कागदाचे लक्ष्य आणि मागे पंच उभा असतो तेथे एक किलो पुरतो. जेथे समोर अंधार, मागे घाबरलेले कुटुंब आणि हाताला कंप असतो, तेथे तोच आकडा लागू करणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा पिस्तूलधारकाने हा निर्णय क्रमाने घ्यावा. आरंभी बोटाची शिस्त पाहावी. माशी लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर राहिले पाहिजे, हा जेफ कूपर यांनी शिकवलेला नियम अंगवळणी पडला नसेल तर कोणताच चाप सुरक्षित नाही. चापाचे तोंड पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर ही त्यापुढची पायरी. मग सराव. नव्या चापास शंभर-दीडशे डॉलर पडतात. त्यातील शंभर डॉलरांत सरावाची तीनएकशे काडतुसे येतात. रिकाम्या पिस्तुलावरचा सराव तर फुकटच होतो. मात्र त्या वेळी काडतुसे त्या खोलीतही नसावीत. काही महिन्यांच्या सरावाने मूळ चापही पुष्कळदा सुसह्य वाटू लागतो, कारण पृष्ठभाग घासून गुळगुळीत होतात आणि बोटही तयार होते.

एवढे करूनही अडचण राहिली, हात लहान असले किंवा संधिवाताने बोटे दुखत असली, तर बदल जरूर करावा. वजन कमी करण्यापेक्षा ओढ सरळ व एकसारखी करण्यावर भर द्यावा. काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे, आघाताची स्प्रिंग आणि सुरक्षिततेचे भाग मूळचेच ठेवावेत, वजनकाट्यावर चाप मोजून घ्यावा, आणि जी काडतुसे जवळ बाळगावयाची त्यांतील पुरेशी झाडून पाहिल्याशिवाय ते पिस्तूल कमरेला लावू नये.

चापाचे वजन स्प्रिंग बदलून कमी करता येते. तो ओढण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही दुकानात हलकी करून मिळत नाही. ती पेलण्याइतका हात आणि तितकेच मन तयार झाले आहे काय, याचे उत्तर आधी मिळवावे आणि मग सुट्या भागांच्या दुकानाची पायरी चढावी.