भट्टी तीच, मालक निराळा : ओडरकाठच्या एका पोलादनगरीची कहाणी

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

जर्मनीच्या पूर्व सीमेवर, ओडर नदीच्या काठी, आयझेनह्युटनश्टाट नावाचे एक लहानसे शहर आहे. या नावाचा सरळ मराठी अर्थ ‘लोखंडाच्या कारखान्याचे नगर’ असा होतो. शहराचा इतिहास आणि अर्थव्यवहार दोन्ही या एका नावात सामावले आहेत.

महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली, तेव्हा पोलाद उद्योगाचे माहेरघर असलेला रूरचा प्रदेश पश्चिमेकडे राहिला. पूर्वेच्या वाट्याला झोतभट्ट्यांचा अवघा एक जुना कारखाना आला. पोलादाशिवाय यंत्रे नाहीत आणि यंत्रांवाचून उद्ध्वस्त देशाची पुनर्रचना नाही. म्हणून जुलै १९५० मध्ये समाजवादी एकता पक्षाच्या तिसऱ्या काँग्रेसने नवा लोहकारखाना उभारण्याचा निर्णय घेतला. फ्युर्स्टेनबर्ग या तेराव्या शतकापासूनच्या गावाशेजारचे पाइनचे रान त्यासाठी निवडण्यात आले. सप्टेंबर १९५१ मध्ये पहिली भट्टी पेटली आणि १९५५ पर्यंत सहा भट्ट्या उभ्या राहिल्या. लोहखनिज सोव्हिएत युक्रेनमधील क्रिव्हॉय रोगहून येई.

कारखान्याबरोबरच कामगारांचे शहर आकाराला आले. घरांच्या मधोमध मोकळी अंगणे होती; पाळणाघर, शाळा आणि दुकाने पायी जाण्याच्या अंतरावर होती. मे १९५३ मध्ये शहराला स्टालिनश्टाट असे नाव देण्यात आले. १९६१ साली फ्युर्स्टेनबर्गसह शेजारची वस्ती त्यात विलीन होऊन आजचे नाव रूढ झाले. मात्र एक गोष्ट लपवून चालणार नाही. १७ जून १९५३ रोजी वाढीव कामाच्या प्रमाणाविरुद्ध पूर्व जर्मनीतील कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा याही शहरातील बांधकाम कामगार त्यांत होते. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सत्तेने कामगारांचे ऐकणे सोडले की काय होते, याचा तो कटू धडा होता.

अर्थव्यवस्थेतही एक उणीव राहून गेली. कच्चे लोखंड १९५१ पासून निघत होते. थंड लाटणीचा कारखाना १९६८ मध्ये आणि पोलादाचा कारखाना १९८४ मध्ये आला. परंतु या दोहोंना जोडणारी तप्त लाटणीची गिरणी उभारली गेली नाही. पोलादाच्या लाद्या अन्यत्र पाठवून लाटून आणाव्या लागत. उत्पादनाची साखळी मधल्याच कडीपाशी तुटलेली होती.

१९९० साली जर्मनीचे एकीकरण झाले आणि याच उणिवेवर खाजगीकरणवाल्यांनी बोट ठेवले. ज्या क्रुप कंपनीचा आपल्या राउरकेल्याच्या उभारणीत हात होता, ती खरेदीसाठी पुढे आली आणि माघारी गेली. त्यानंतर इटलीच्या रिव्हा कंपनीनेही १९९४ मध्ये पाठ फिरवली. पण कामगार स्वस्थ बसले नव्हते. मालकांनी ठरलेला वेतनकरार मोडला, तेव्हा मे १९९३ मध्ये पूर्व जर्मनीतील धातू व पोलाद कामगारांनी संप पुकारला. अखेर बेल्जियमच्या कॉकरिल-सांब्र कंपनीने कारखाना घेतला आणि १९९७ मध्ये, सरकारी पैशाच्या भरघोस आधाराने, ती तप्त लाटणीची गिरणीही उभी राहिली. कारखाना वाचला, कामगार मात्र वाचले नाहीत. १९८९ साली सुमारे १२ हजार कामगार होते, त्यांतले एक-चतुर्थांशही उरले नाहीत. १९८८ मध्ये ५३ हजारांवर असलेली लोकवस्ती आज निम्म्याहूनही कमी आहे. रिकाम्या पडलेल्या इमारती पाडाव्या लागल्या. कारखान्याच्या दिशेने जाणारा लेनिन मार्ग आता लिंडेन वृक्षांच्या नावाने ओळखला जातो.

२००६ पासून हा कारखाना आर्सेलर-मित्तल या बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीचा आहे. तिचे प्रमुख लक्ष्मी मित्तल यांचा जन्म राजस्थानातला, तोही १९५० सालचा, म्हणजे त्या शहराच्याच वयाचा. जन्मभूमी कोणतीही असो, भांडवलाची निष्ठा नफ्याशीच असते. कोळशाऐवजी हायड्रोजनच्या आधारे पोलाद करण्यासाठी ब्रेमेन आणि आयझेनह्युटनश्टाट या दोन कारखान्यांना मिळून १.३ अब्ज युरोचे सरकारी साहाय्य देऊ केलेले होते. तरीही जून २०२५ मध्ये कंपनीने ती योजना सोडून दिली. कारण उघड आहे : हिशेब जुळत नव्हता. त्या हिशेबात शहराचे भवितव्य धरलेले नव्हते.

कॉम्रेड्स, २०२१ मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या विक्रीचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा तेथील कामगारांनी जो लढा उभारला, तो या पार्श्वभूमीवर पाहावा. सार्वजनिक मालकी केवळ कागदावर राहून भागत नाही. कामगारांचा शब्द तीत चालला पाहिजे आणि उद्योग वेळीच पूर्णत्वास नेला पाहिजे. या दोन्ही बाबतींत ढिलाई झाली की विकणाऱ्यांना निमित्त सापडते. भट्टी कोणासाठी पेटते, हा प्रश्न ओडरच्या काठी आजही अनुत्तरित आहे. आपल्याकडे तो सुटायचा असेल, तर त्याची तयारी कारखान्याच्या दारावर विक्रीची पाटी लागण्यापूर्वीच झाली पाहिजे.