अवघड गाडी कुणाच्या रॅम्पवर?

मी बीडचा, कामानं टू-व्हीलर मिस्तरी. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला ‘टेक्निशियन’ म्हणतात, आयकार्डावर तसं छापूनही देतात. पण आमच्या आईला कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर ती सांगते, “गाड्या खोलतो.” तिचं बरोबरच आहे.

आज रविवार आहे. शटर अर्धं खाली ओढून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मधेच एखादा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर एका पोरानं व्हॉइस मेसेज पाठवला. आयटीआयमधून दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून तो एका वर्कशॉपला लागलाय. म्हणाला, “दादा, सगळ्या किचकट गाड्या माझ्याच वाट्याला येतात. सोप्या गाड्या दुसऱ्यालाच. माझं काय चुकतंय?” मी तो मेसेज दोनदा ऐकला. कारण त्याच्या जागी मी होतो. आणि खरं सांगायचं तर, त्याच्यावर अन्याय करणाऱ्याच्या जागीही मी बसून आलोय. दोन्ही सांगतो.

आधी हिशेब समजून घेऊ. वर्कशॉपमध्ये गाडी आली की तिचं जॉब कार्ड निघतं. प्रत्येक कामाचा वेळ आणि मजुरी ठरलेली असते. बऱ्याच ठिकाणी मिस्तरीला बारीकसा पगार आणि त्यावर मजुरीतला वाटा मिळतो. समजा, जनरल सर्व्हिसची मजुरी ४०० रुपये आणि मिस्तरीचा वाटा ३० टक्के. ऑईल बदललं, एअर फिल्टर साफ केला, चेन ताणली, ब्रेक अ‍ॅडजस्ट केले, गाडी धुवायला सोडली. हात बसलेला माणूस दिवसात अशा पाच गाड्या आरामात काढतो. म्हणजे ६०० रुपये वाट्याचे.

आता दुसरं कार्ड. “गाडी चालता चालता बंद पडते.” बस, एवढंच लिहिलेलं. प्लग बघा, पेट्रोल येतंय का बघा, मग वायरिंग. शेवटी दुपारी तीन वाजता सापडतं, की हँडलच्या मानेपाशी वायर घासून एका जागी उघडी पडलीय, हँडल डावीकडे वळवलं की शॉर्ट होते. टेप मारायला पाच मिनिटं लागली, शोधायला पाच तास. कार्डावर मजुरी ३५० रुपये. तुमचा वाटा १०५.

दिवस तोच, घाम तोच. एकाला ६०० आणि एकाला १०५. आणि ज्याला १०५ मिळाले तो जास्त हुशार आहे! म्हणून तर ती गाडी त्याला दिली.

अमेरिकेत या पद्धतीला ‘फ्लॅट रेट’ म्हणतात. तिथले मिस्तरी सोप्या आणि भरपूर पैशाच्या कामाला ‘ग्रेव्ही’ म्हणतात. आपल्या भाषेत तर्री. तर्री एकाच्या ताटात आणि दुसऱ्याला नुसती भाकर, हे भांडण तिकडंही आहे. तिथं ते कोर्टात गेलं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं सांगितलं, की कामाच्या नगावर पैसे मिळणारे मिस्तरी गाडीची वाट बघत बसलेले असतात, त्या वेळेचेही पैसे वेगळे द्यावे लागतील. कारण त्या वेळेत ते मालकाच्याच ताब्यात असतात.

आपल्याकडंही कायद्यात काहीच नव्हतं असं समजू नका. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम १७ होतं. ज्या कामाला वेळेप्रमाणे किमान वेतन ठरलंय, पण नगाचा किमान दर ठरलेला नाही, तिथं नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही हा मुद्दा ठेवलाय. म्हणजे अवघड गाडीत अख्खा महिना गेला, तरी तुमच्या हातात पडणाऱ्या रकमेला खालून एक टेकू आहे.

पण मंडळी, हे मला कायद्याच्या आधी कळलं होतं. उसाच्या फडात.

आमचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दसरा झाला की गाड्या भरायच्या आणि पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक गाठायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पैसे टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली तेव्हा गावात सगळे तीच चर्चा करत होते. पण आमच्या बापाला दरापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त लागायची: आज कोणत्या फडात घातलंय?

कारण उभा ऊस असेल तर कोयता सरसर चालतो. वाऱ्या-पावसानं लोळलेला ऊस असेल तर आधी तो सोडवायचा, वाकून बुडखा शोधायचा, मग तोडायचा. टनाचा दर मात्र दोन्हीला सारखाच. संध्याकाळी मोळ्या कमी भरल्या की मुकादम म्हणणार, “आज हात चालला नाही वाटतं?” हात चाललाच होता. ऊस लोळलेला होता.

मी वर्कशॉपला लागलो आणि दुसऱ्याच महिन्यात मला तो लोळलेला ऊस दिसला. फक्त त्याच्यावर नंबर प्लेट होती.

आमचे सुपरवायझर माणूस वाईट नव्हते. मी एकदा बोललो तेव्हा म्हणाले, “तुला येतंय म्हणून तुला देतो की रे. त्याला दिली तर गाडी दोन दिवस इथंच पडेल.” यावर काय बोलणार? गिऱ्हाईक गेवराईहून आलेलं, त्याला संध्याकाळच्या आत परत जायचंय. त्यांचंही खोटं नव्हतं. शिवाय जुनी गिऱ्हाईकं यायची ती नाव घेऊनच, “आमची गाडी त्यालाच द्या.” म्हणजे तीही सोपी कार्डं आधीच वाटली गेलेली. उरलं ते माझं.

मग एक वर्ष असं आलं, की सुपरवायझर महिनाभर सुट्टीवर गेले आणि कार्ड वाटायचं काम माझ्याकडं आलं. मला वाटलं, आता मी दाखवतो न्याय कसा असतो.

पहिल्याच दिवशी मी काय केलं माहितीय? ज्याच्यासोबत रोज डबा खायचो, त्या दोस्ताला चार जनरल सर्व्हिस दिल्या. मुद्दाम नाही. हात आपोआप तिकडं गेला. आणि वडवणीकडचा एक नवा पोरगा होता, शांत, हातात कला असलेला, त्याला वायरिंगच्या गाड्या दिल्या. का? तर “त्याला येतंय म्हणून.” सुपरवायझरचंच वाक्य माझ्या तोंडात आलं होतं.

तो काही बोलला नाही. महिना संपला, पैसे झाले, आणि त्यानं मला मोबाईलवर हिशेब दाखवला. माझ्या दोस्ताच्या निम्मेही पैसे नव्हते. म्हणाला, “दादा, तुम्ही काम लई शिकवलं. पण रूमचं भाडं कामानं नाही फिटत.” पुढच्या आठवड्यात तो चाकणला गेला. अजून तिकडंच आहे. बीडनं एक चांगला मिस्तरी घालवला, आणि तो घालवण्यात माझा हात होता. हे मी आजपर्यंत कुठं बोललो नव्हतो.

आता गोष्टीची दुसरी बाजू. माझा तो दोस्त. त्याला वाटायचं, आपलं बरं चाललंय. पाच वर्षं ऑईल, चेन, ब्रेक. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर, ईसीयू, स्कॅनर. ज्यांनी वायरिंगमध्ये वर्षं काढली होती त्यांना मीटर लावायची भीती नव्हती. त्याला होती. तो एकदा मला हळूच म्हणाला, “तुम्ही मला सोपं देऊन माझं वाटोळंच केलं.” हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही.

म्हणजे बघा. अवघड काम एकट्याला दिलं तर त्याचं पोट मारलं जातं. सोपं काम एकट्याला दिलं तर त्याचा हात मारला जातो. वाटणी चुकली की दोघंही बुडतात, फक्त एक आज बुडतो आणि एक पाच वर्षांनी.

आता माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. आम्ही चौघं. सुरुवातीला मी सरळ पाळी लावली: येईल ती गाडी, ज्याचा नंबर त्याची. आठवड्यात फसलं. हाफ इंजिनचं काम नवख्याच्या पाळीत आलं, त्यानं हेड उलटसुलट आवळलं, ऑईल गळायला लागलं, आणि गिऱ्हाईक दारात उभं. नुसती समान वाटणी म्हणजे न्याय नाही, हे तेव्हा कळलं.

आता आम्ही असं करतो. सोप्या आणि किचकट कार्डांचे दोन खिळे आहेत भिंतीवर. प्रत्येकाला दोन्हीकडून आळीपाळीनं. किचकट गाडीवर नवखा असेल तर जाणता सोबत बसतो, आणि वाटा दोघांत निम्मा. गाडी खोलल्यावरच कळतं की सोपी आहे का अवघड, म्हणून अर्ध्या तासात फॉल्ट सापडला नाही तर हाक मारायची. कार्ड तिथंच दुसऱ्या खिळ्यावर जातं. हाक मारण्यात कमीपणा नाही, हे मला पोरांना रोज सांगावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉल्ट शोधायचे पैसे वेगळे. गाडी घ्यायच्या आधीच सांगायचे. सुरुवातीला एक आबा भडकले, “नुसतं बघायचे पैसे?” मी म्हणालो, “आबा, बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला देता ना? पाणी लागो न लागो?” आबा हसले. “त्याला नारळ पण देतो,” म्हणाले. पैसे दिले. नारळ नाही दिला.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. सीझन संपून ऊसतोडीची माणसं परत आली, की लग्नसराईत गाड्यांची रांग लागते, आणि तेव्हा माझाही हात जुन्या सवयीनं जातो. म्हणून भिंतीवर वही टांगलीय. कुणी कोणती गाडी केली, किती तास, किती पैसे. शनिवारी सगळ्यांसमोर वाचतो. वही असली की मला खोटं बोलता येत नाही, स्वतःशीसुद्धा.

तर मेसेज पाठवणाऱ्या माझ्या भावा, तुझं काही चुकत नाहीये. तुला येतं, हाच तुझा गुन्हा! पण भांडायला जाऊ नको अजून. महिनाभर मोबाईलमध्ये लिहून ठेव: गाडी कोणती, तास किती, वाटा किती. मग तो हिशेब घेऊन सुपरवायझरकडं जा आणि एवढंच म्हण, “साहेब, अवघड गाड्या मी करतो, पण शोधायच्या वेळेचे पैसे धरा, आणि दिवसाला दोन सोप्या मलाही द्या.” नाही ऐकलं, तरी महिनाभराचा हिशेब आणि हातातलं काम तुझ्याकडंच राहतं. ते घेऊन कुठंही उभा राहशील.

आणि उद्या तुझ्या हातात कार्डं आली, तर पहिलं सोपं कार्ड कुणाला देतोस, तेवढं बघ.

तुमच्या कामाच्या ठिकाणी वाटणी कशी होते, व्हॉइस मेसेज करून सांगा. चला, शटर वर करतो. एकजण कधीचा बाहेर किक मारतोय, आवाजावरून तरी कार्ड अवघड खिळ्यावरचं दिसतंय. आज पाळी माझीच आहे.