सासवण्याचें शिल्पघर

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील वारली घरांच्या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठानें रेखिलेलीं चित्रें आढळतात. जाणारा येणारा क्षणभर थबकतो आणि पुढें जातो. भिंतीवरून चित्र काढणारा हात ओळखणारा विरळाच. परंतु असा एकादा भेटला म्हणजे काय घडतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें आसनगांवास गाडी धरून मुंबई गांठावी, गेटवेपाशीं लाँचमध्यें बसून मांडव्यास उतरावें आणि अलिबागच्या वाटेवरील सासवणें या गांवीं जावें.

येथें शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचें घर आहे. त्यांचा जन्म १८९१ सालीं याच गांवीं झाला. वडील गणपतीच्या मूर्ति घडवीत. तेव्हां मातीचें वेड घरांतलेंच. गांवच्या देवळाच्या भिंतीवर या मुलानें अश्वारूढ शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें होतें. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या तें दृष्टीस पडलें. त्यांनीं चित्रकाराचा शोध केला व त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत धाडण्याची व्यवस्था लाविली. पुढें कलकत्त्यास व्यवसाय आणि लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिक्षण झालें. भिंतीवरच्या त्या घोडेस्वारानें अखेर ब्राँझचा देह धारण केला: पुण्याच्या श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांतील, साडेतेरा फूट उंचीचा तो एकसंध ओतलेला पुतळा १९२८ सालीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें अनावृत झाला.

एवढी कीर्ति मिळूनही नानासाहेबांचा ओढा गांवाकडेच राहिला. १९६७ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या मागें कुटुंबीयांनीं हें घर व ही बाग सर्वांस खुली केली. अंगणांत सिमेंटची म्हैस बसलेली आहे. ती इतकी हुबेहूब कीं नवखा मनुष्य तिला वळसा घालून जावा! आंत कोळीण आहे, थोरामोठ्यांचे अर्धपुतळे आहेत. राजेरजवाड्यांचे पुतळे घडविणाऱ्या हातांनीं शेजारपाजारच्या माणसांस व गुराढोरांस तितक्याच आदरानें आकार दिला, हें येथें डोळ्यांस दिसतें. शहरांतील चौकांत पुतळा उंच चौथऱ्यावर असतो व प्रेक्षक खालीं; येथें दोघेही एकाच अंगणांत उभे असतात. शिल्पकार कोणत्या मातींतून वाढला, हें समजण्यास याहून चांगली पाठशाळा कोणती?

परंतु असें घर राखणें सोपें नाहीं. मातीची मूळ मूर्ति सांचा काढतांनाच मोडते. उरते ती प्लॅस्टरची प्रतिकृति, आणि तिचा शत्रु ओल. सिमेंटांतील लोखंडी सळई खाऱ्या वाऱ्यानें गंजली कीं फुगते व अंगास तडे जातात. कोंकणच्या प्रत्येक पावसाळ्यानंतर डागडुजी आलीच. हा भार एका घरानें किती काळ वाहावा, याचा विचार समाजानें करावयास हवा. पाहुण्यांची ये-जा ही त्यांतील पहिली मदत होय.

दुसरी मदत दृष्टीची. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं भास्कर कुलकर्णी यांनीं वारली चित्रें पाहिलीं, आणि तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील, २०१४ पासून पालघरमध्यें गेलेल्या गंजाड गांवचे जिव्या सोमा मशे यांच्या हातीं कागद आला. मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. रॉथफील्ड काय, कुलकर्णी काय, दोघांनींही केलें तें एकच: भिंतीपाशीं थांबून, हें कोणीं काढलें, असें विचारिलें.

सुटीच्या दिवशीं मुलांना सासवणें अवश्य दाखवावें. परततांना मात्र शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून मोटार भरधाव नेऊं नये. तेथील एकाद्या भिंतीसमोर हाच प्रश्न विचारणारा कोणी हवा आहे.