गोदामातला फोन बाहेर लागतो का?

आम्ही दापोड्याच्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

दापोडे, वळ, पूर्णा, मानकोली, जिकडे बघावं तिकडे गोदामं. आमच्यातल्या कितीतरी जणी तिथे पॅकिंगला जातात. एका ठिकाणी मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. आत उरतो फक्त भिंतीवरचा फोन.

गेल्या पावसाळ्यात तिथे एका वहिनीचा हात कटरने कापला. रक्त थांबेना. दुसरीने धावत जाऊन १०८ फिरवला. नुसतंच टूं टूं! शेवटी सुपरवायझरच्या मोबाइलवरून गाडी बोलावली. वहिनी आता बरी आहे, पण तेव्हाची धावाधाव आम्ही विसरलेलो नाही.

फोन बिघडलेला नव्हताच. मिस्त्रीने आम्हाला समजावलं. ऑफिसचे सगळे फोन एका पेटीला जोडलेले असतात, तिला ईपीएबीएक्स म्हणतात. आतल्या आत बोलायला दोन-तीन आकडे पुरतात. बाहेर बोलायचं तर आधी लाइन घ्यावी लागते, बहुतेक ठिकाणी ० किंवा ९ दाबून. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी ० लागतो. म्हणजे लाइनचा ०, मग मोबाइलचा ०, मग नंबर. काही फोनना तर बाहेरची लाइन दिलेलीच नसते.

मग आम्ही मालकांकडे पॅकिंगच्या टेबलाजवळ एक फोन मागितला. नवा घ्यावा लागला नाही. घरात पडून असलेला साधा बटणांचा फोन चालला. त्याला दोनच तारा लागतात. मात्र पेटीत साध्या फोनची जागा वेगळी आणि साहेबांच्या टेबलावरच्या स्क्रीनवाल्या डिजिटल फोनची वेगळी. अदलाबदल केली तर फोन चालत नाही, बिघडूही शकतो. म्हणून तारा आपण ओढायच्या नाहीत, मिस्त्रीलाच सांगायचं.

तुम्ही कामाला जाता तिथे उद्याच तीन गोष्टी विचारा. या फोनवरून बाहेर लागतं का? आधी काय दाबायचं? वीज गेली तर पेटीला बॅटरी आहे का? ११२ आणि १०८ थेट लागतील असं पेटीत बसवता येतं, तेही करून मागा. आणि फोनजवळ मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा. वाचता न येणारीला आकडे तोंडपाठ करून द्या.

विचारायला लाजू नका, बायांनो. रक्त वाहत असताना शिकायला वेळ नसतो.