आधी नाव वाचा, मग गोष्ट वाचा
(विहारातील वर्षावासाच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



मागच्या वर्षावासात आम्ही इथल्या मुलांना एक कथा वाचायला दिली. झेरॉक्स काढताना पहिले पान राहून गेले. कथेचे नाव नाही, लेखकाचे नाव नाही, साल नाही. रेल्वेत नोकरी लागलेला एक तरुण परगावी जात लपवून राहतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो, अशी ती कथा. वाचून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "तो खोटं बोलला. चौथं शील मोडलं. मार तर पडणारच!" आम्ही गप्प झालो. चूक पोराची नव्हती, आमची होती.

पुढच्या रविवारी ते राहिलेले पान आणले. लेखक बाबुराव बागूल. संग्रह १९६३ सालचा. कथेचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. 'लपवली' नव्हे, 'चोरली'! तेव्हा एका मुलीने विचारले, "आपलीच वस्तू कोणी चोरते काय जी?" बंधुभगिनींनो, चोरी दुसऱ्याच्या मालाची होते. मग जन्माने चिकटवलेली जात लपवणारा चोर, की त्याचे माणूसपण हिरावणारे चोर? एका शब्दाने एवढा प्रश्न उभा केला.

आता साल पाहा. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता १९५० मध्येच बंद केली. १९५५ मध्ये ती पाळणाऱ्याला शिक्षेचा कायदा आला. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतरची ही कथा. खोटे बोलणे वाईटच. पण खरे बोलणे जिवावर बेतावे अशी पाळी कोणी आणली, हेही विचारायला नको का?

नुसत्या नावानेही फसगत होते. बागुलांचाच दुसरा संग्रह 'मरण स्वस्त होत आहे', १९६९ चा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे नाव ऐकले की कापूस पिकवणारा कर्जबाजारी शेतकरी डोळ्यापुढे येतो. पुस्तकात मात्र मुंबईच्या झोपडपट्टीतले जगणे आहे. आधी त्यांचे दुःख समजून घ्यावे, मग आपल्या दुःखाशी जोडावे.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. आजच्या पोरांना हे ठाऊक नाही. घरच्या आजोबांना विचारा, म्हणजे पवारांच्या पदरात कसला वाटा पडला ते कळेल.

ही रीत आपल्याला नवी नाही. पालीतील ५४७ जातककथा पाहा. तथागतांनी ही गोष्ट कुठे आणि कोणत्या निमित्ताने सांगितली, ते आधी येते. त्याला 'पच्चुप्पन्नवत्थु' म्हणतात. जुनी गोष्ट त्यानंतर. आपण मुलांना सांगताना निमित्त गाळतो अन् माकड-मगर तेवढे ठेवतो.

म्हणून आमची एकच विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून ठेवा, आणि वर गाव, साल व सांगणाऱ्याचे नाव जरूर घाला. नाहीतर उद्या आपलीच नातवंडे म्हणतील, "मार तर पडणारच होता!"