कूपनचा रुपया डब्यात पडू द्या

मी मीरा-भाईंदरमधून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून माझे रोजचे काम बैठका, वह्या आणि बँकेच्या फेऱ्यांचे. आज मात्र बँकेबद्दल बोलणार नाही. आज बोलू या किराण्याबद्दल, आणि किराण्यावर मिळणाऱ्या कूपनबद्दल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे काही भागांत रेशन कार्डालाच कूपन म्हणतात. ते कूपन सगळ्यात पहिले. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कामासाठी गाव सोडून शहरात आलेल्या बायांना वाटते की कार्ड गावचे, म्हणजे इथे उपयोग नाही. तसे नाही. कार्डाला आधार जोडलेले असेल तर जिथे राहता तिथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. हे धान्य सोडून दुकानातून विकतचे गहू-तांदूळ आणायचे आणि साबणावर दोन रुपयांची सूट शोधत फिरायचे, हा उलटा हिशेब झाला.

आता दुसरे कूपन, म्हणजे सवलतीचे. आमचे मीरा-भाईंदर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. पण उत्तन, चौक, पाली इथे कोळीवाडे आहेत, राई-मुर्धा-मोर्वा ही गावे आहेत, काशिमिऱ्याच्या डोंगराकडेला आदिवासी पाडे आहेत. कोळीवाड्यातल्या बाईचा हिशेब शेतकरी बाईसारखाच असतो. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. दोन महिने समुद्रातून काही येत नाही. ज्या घरात मे महिन्यात डबे भरलेले असतात आणि हाताशी थोडे पैसे असतात, त्या घरची बाई नारळी पौर्णिमेपर्यंत निभावून नेते. ज्या घरात नसतात, तिथे दुकानाची उधारी सुरू होते, आणि पहिली बोट आली की पहिली कमाई त्या उधारीत जाते. तुमच्याकडे हेच दिवस पेरणी ते काढणीच्या मधले असतील, किंवा ऊसतोडीहून परतल्यानंतरचे. म्हणून कूपन हा मला खेळ वाटत नाही. त्या दोन महिन्यांची बेगमी त्यातून होऊ शकते, पण नीट वापरले तरच.

कंपनी कूपन का देते, हे आधी समजून घेऊ. अमेरिकेत १८८० च्या दशकाच्या शेवटी कोका-कोलाने एक ग्लास फुकट पिण्याची कूपन वाटली. लोकांना चव लागावी आणि पुढचा ग्लास त्यांनी पैसे देऊन प्यावा, एवढाच हेतू. आजही तोच आहे. तुम्ही एरवी घेतली नसती अशी वस्तू तुम्ही घ्यावी, किंवा एरवी घेतली असती त्यापेक्षा जास्त घ्यावी. कंपनीचा त्यात काही गुन्हा नाही, तो तिचा धंदा आहे. आपणही आपला धंदा ओळखावा. आपला धंदा आहे घरखर्च.

तर सुरुवात कशी करायची? पहिला महिना एकही कूपन वापरू नका. फक्त एक वही करा. दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरे. घरात नेहमी लागणाऱ्या पाचच वस्तू निवडा. तेल, चहा, साखर, अंगाचा साबण, कपड्याची पावडर. कुठल्या दुकानात, किती वजनाचे, किती रुपयांना मिळाले ते लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, तिचेही गणित पक्के होईल.

वजन लिहायला विसरू नका. पूर्वी चहा, तेल, साबण अशा कित्येक वस्तू सरकारने ठरवलेल्या मापातच पाकीटबंद करून विकाव्या लागत. २०२२ मध्ये तो नियम गेला. आता एक लिटरसारखी दिसणारी तेलाची पिशवी ८५० मिलिलिटरची असू शकते. किंमत कमी दिसते म्हणून आपण उचलतो. पण त्याच वेळी एक चांगला नियमही आला. पाकिटावर एमआरपीसोबत एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव छापावा लागतो. पाकीट एक किलोच्या आतले असेल तर ग्रॅमचा भाव, वरचे असेल तर किलोचा. अक्षर बारीक असते, पण शोधा. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणले की किलोचा भाव मिळतो. दोन पाकिटांपैकी स्वस्त कोणते, हे तोच आकडा सांगतो.

दुसऱ्या महिन्यात कूपनला हात लावा. आपल्याकडे ती साधारण पाच प्रकारे येतात. पाकिटाच्या आत किंवा वेष्टनावर असते ते एक. मॉलच्या बिलाखाली छापलेले असते ते दुसरे. मोबाइलवरच्या दुकानाचा कोड हे तिसरे. दुकानाच्या कार्डावर जमणारे पॉइंट हे चौथे. आणि पाचवे म्हणजे घरातल्या कुणाला कंपनीतून मिळणारी जेवणाची कूपन, ज्यांना लोक अजूनही सोडेक्सोच म्हणतात. ती बऱ्याच किराणा दुकानांत चालतात, पण त्यांना मुदत असते. कपाटात पडून मुदत संपली तर तो घरातल्या माणसाचा पगारच बुडाला असे समजा.

प्रत्येक कूपनवर तीन गोष्टी वाचा. मुदत कधीपर्यंत, कमीत कमी किती रुपयांची खरेदी, आणि कोणत्या वस्तूवर व कोणत्या वजनावर. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा. हे कूपन नसते तर ही वस्तू माझ्या यादीत असती का? नसेल तर ते कूपन चुलीत घाला.

एक हिशेब सांगते. समजा, तुमच्याकडे १,५०० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये सूट देणारे कूपन आहे. तुमची यादी होते १,१८० रुपयांची. कूपन वाया जाऊ नये म्हणून तुम्ही ३२० रुपयांची बिस्किटे, सॉस आणि एक प्लास्टिकचा डबा उचलता. बिल १,५०० होते, तुम्ही १,४०० देता. घरी येऊन सांगता की १०० वाचले. वाचले नाहीत, २२० जास्त गेले. तेच ३२० रुपयांत पुढच्या महिन्याचे तेल-साखर घेतली असती तर १०० रुपये खरेच वाचले असते. कूपन एकच, बाईच्या हातातली यादी वेगळी.

दुसरा हिशेब. चहाचे पाव किलोचे पाकीट १२० रुपयांना आणि अर्धा किलोचे २३० ला. मोठे पाकीट स्वस्त, कारण किलोला ४६० पडतात आणि लहान ४८० ने पडते. पण लहान पाकिटावर १० रुपयांचे कूपन असेल तर ते ११० ला मिळेल, म्हणजे किलोला ४४०. आता लहान स्वस्त झाले. मोठे पाकीट नेहमीच परवडते, हे वहीशिवाय मानू नका.

तिसरा. ‘२० टक्के जादा’ आणि ‘२० टक्के सूट’ या दोन गोष्टी सारख्या नाहीत. १०० ग्रॅमचा साबण ४० रुपयांना आहे असे धरा. २० टक्के जादा म्हणजे १२० ग्रॅम ४० रुपयांना, म्हणजे १०० ग्रॅमला ३३ रुपयांच्या वर. २० टक्के सूट म्हणजे १०० ग्रॅम ३२ रुपयांना. सूट बरी, शिवाय ८ रुपये हातात राहतात.

मोबाइलवरून मागवताना शेवटचा आकडा बघा. कोडने ५० रुपये कमी होतात आणि घरपोच देण्याचे, पॅकिंगचे असे पैसे खालून चढतात. आणि मैत्रिणींनो, एक धोका नीट ऐका. ‘अमुक मॉलचे ५,००० रुपयांचे कूपन लागले, लिंक दाबा’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला, मग तो सख्ख्या भावाकडून आला तरी, दाबू नका. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. पैसे गेलेच तर घरी कुणी रागावेल म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

गल्लीतल्या दुकानदाराकडे कूपन नसते म्हणून त्याला सोडू नका. एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कुणाचीच मनाई नाही. ‘भाऊ, महिन्याचा सगळा किराणा तुमच्याकडूनच आणि रोखीने भरते, किती सोडाल?’ असे विचारा. त्याच्या तोंडचा शब्द हेही कूपनच. अडीअडचणीला उधार तोच देतो, हेही लक्षात ठेवा. आणि बिल मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल नाकारणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. जाहीर केलेली भेट किंवा बक्षीस न देणे हेही त्यातच येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आता मुख्य गोष्ट. कूपनवर वाचलेले पैसे जातात कुठे? बहुतेक घरांत कुठेच दिसत नाहीत. ६० रुपये वाचले, ते वडापाव आणि रिक्षात गेले. म्हणून दुकानातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी तेवढे पैसे एका डब्यात टाका. बिलाच्या मागे आकडा लिहा आणि बिलही त्याच डब्यात ठेवा. महिनाअखेर आकडे आणि पैसे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर वाचले असे म्हणायचे नाही. आपल्या पंचसूत्रीत नियमित बचत आणि नियमित लेखे ही दोन सूत्रे आहेत ना? तीच घरच्या डब्याला लावा.

मग हा डबा गटाच्या बैठकीत आणा. महिन्याला ६० रुपये धरले, तर ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांत एका बाईचे ६०० रुपये होतात. दहा जणींचे ६,०००. जून उजाडताना गटाच्या हाताशी ६,००० रुपये जास्तीचे असतील, तर ज्या दोघी-तिघींना खरी नड आहे त्यांना दुकानाच्या उधारीऐवजी गटातून कर्ज घेता येईल. नवीन वर्गणी न काढता हे होते.

बैठकीत आणखी एक काम करा. चटईवर सगळ्या कूपन पसरा आणि अदलाबदल करा. एकीकडे बाळाच्या पावडरचे कूपन आहे आणि तिची मुले कॉलेजात जातात. दुसरीकडे चहाचे आहे आणि तिच्या घरी चहा कमी. पाच मिनिटांत दोघींचे काम होते. आणि वहीतले भावही एकमेकींना वाचून दाखवा. दहा जणींनी दहा दुकाने फिरण्यापेक्षा एकेकीने एकेका दुकानाचा भाव आणावा.

याच्या पुढची पायरी एकत्र खरेदीची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे करते आहे. शेजारपाजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची यादी भरतात, सगळ्यांचा माल एकत्र घाऊक खरेदी होऊन येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. हजारो कुटुंबे त्यात आहेत, आणि कामाचा मोठा भार बायाच उचलत आल्या आहेत. त्याच्या थोडे आधी, १९७२ साली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बाया महागाईविरुद्ध थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेलाचा भाव विचारण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी आपल्याआधी दाखवून दिले आहे. आपल्या गटाने एकदम सगळा किराणा आणायची गरज नाही. एकच वस्तू घ्या. पंधरा लिटरचा तेलाचा डबा किंवा साखरेचे पोते. दोन दुकानांत भाव विचारा, पैसे आधी गोळा करा, मोजून वाटा, बिल गटाच्या वहीत चिकटवा. उधारीवर वाटप करू नका, त्यात मैत्री जाते. आणि किलोमागे काही सुटत नसेल तर पोते आणू नका. ओझे वाहिल्याची मजुरी कुणी देत नाही.

तेव्हा या महिन्यात एवढेच करा. वही, पाच वस्तू आणि एक रिकामा डबा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या डब्यातली रक्कम मोठ्याने सांगायची. दहा रुपये असले तरी सांगायचे. ज्या गटांनी हे केले त्यांनी आपला अनुभव केंद्रावर जरूर कळवावा.