मोटारींत वारा कां घुमतो?

साताऱ्याहून कऱ्हाडमार्गें सांगलीस निघालेल्या मोटारीची मागची एकच काच उघडली, कीं वेग वाढतांच कानांवर धपधप दाब बसूं लागतो. मागें बसलेलें मूल कान धरून रडतें. चाक बिघडल्याच्या शंकेनें चालक भर महामार्गावर गाडी थांबवितो, आणि तेंच धोक्याचें असतें.

मिरजेचा तंबोरा भोपळ्याच्या पोकळीनें घुमतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली, तर तीहि घुमते. मोटारीचें तसेंच आहे. खिडकीच्या पुढच्या कडेपासून सुटलेले वाऱ्याचे भोंवरे मागच्या कडेवर आपटतात. त्यांची लय आंतील हवेच्या स्वाभाविक लयीशीं जुळली, कीं सारी गाडी घुमूं लागते. अशा पोकळ्यांचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) यांनीं केला. पोकळी मोठी, तर स्वर खालचा. मोटारींत तो सेकंदास सुमारें २० कंपनांचा, म्हणजे श्रवणाच्या उंबरठ्यावरचा असतो. म्हणून तो ऐकूं येण्यापेक्षां जाणवतो अधिक.

उपाय सोपा आहे. पुढची एखादी काच दोन बोटें उघडावी, म्हणजे ती लय मोडते. सर्व काचा लावूनहि धपधप थांबली नाहीं, तर मात्र सुरक्षित जागीं थांबून चाक अवश्य तपासावें.